चाळीस दिवसांचा बेत आणि नऊ किल्ल्या

फेलिझ्मिनाने चौतीस वर्षं रेल्वेचं फाटक सांभाळलं, पण गाडीत बसून ती कधी पोर्तू शहराच्या पुढे गेली नाही. हे ऐकलं की लोक हसतात. हसायला काय जातंय त्यांचं. ती गाडीत जाऊन बसली असती, तर फाटक काय यांच्या आजीने लावलं असतं?

आमच्या पेद्राल्वा गावाच्या खालून, मिन्यो नदीच्या काठाकाठाने रूळ जातात. दिवसाला बावीस गाड्या. स्टेशनातून फोन आला की हातातलं काम टाकायचं, चाक फिरवून दोन्ही दांडे खाली आणायचे आणि गुंडाळलेला झेंडा हातात धरून रुळाशेजारी ताठ उभं राहायचं. झेंडा गुंडाळलेला दिसला की ड्रायव्हरने समजायचं, सगळं ठीक आहे, ये. शेवटचा डबा जाईपर्यंत हलायचं नाही. चुलीवर कांदा करपला तरी मागे वळून बघायचं नाही. पोटात सात महिन्यांचा आर्मिंदो होता तेव्हाही ती उभी राहिली, आणि नवरा आदेलिनो गेला त्याच्या चौथ्या दिवशी काळे कपडे घालून उभी राहिली. माणूस सोडा, तिच्या फाटकात कधी कोंबडीसुद्धा मेली नाही. मग आपोआप पडणारे दांडे आले, टिणटिण घंटी आली, आणि साहेब लोकांनी इंजिनाचं चित्र काढलेली चिनी मातीची एक बशी हातात देऊन तिला घरी पाठवलं. तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती.

घरी बसली म्हणजे रिकामी झाली, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. आमचं अर्धं गाव फ्रान्सात नाहीतर लक्झेंबर्गात. तिकडे विटा रचतात, दुसऱ्यांच्या फरशा पुसतात, इकडे दोन-दोन मजली घरं बांधतात आणि वर्षाचे अकरा महिने ती घरं खिडक्या मिटून उभी असतात. नदीकाठचं गाव, बंद घराला बुरशी धरायला कितीसा वेळ लागतो? मग आठवड्यातून एकदा कुणीतरी जाऊन खिडक्या उघडायला हव्यात, नळ सोडून बघायला हवेत, कौलं सरकली का ते बघायला हवं. पहिली किल्ली दिली ती तिच्या पोटच्या पोराने. आर्मिंदो फ्रान्सात ऑर्लेआंला बांधकामावर मुकादम आहे. त्याचं घर गावाच्या वरच्या अंगाला, संगमरवरी जिना असलेलं. मग चुलत दिराने दिली, मग दिराच्या मेव्हण्याने, मग "तुझ्या वाटेवरच तर आहे घर" असं म्हणत म्हणत एकेकाने. पाहता पाहता स्वयंपाकघराच्या दारामागे नऊ खिळे झाले आणि नऊ खिळ्यांना नऊ किल्ल्या. वाटेवर म्हणे. तिची वाट विहिरीपासून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत, आणि ही घरं सगळी वरच्या आळीत, चढ चढून. पण नाही म्हणायची सवय फाटकवालीला कुठून असणार? घंटा वाजली की उठायचं, एवढंच तिला शिकवलेलं.

आणि नुसत्या खिडक्या नव्हेत. एक नोव्हेंबरला सगळ्या संतांचा दिवस, आपल्या मृतांची आठवण काढायचा, तेव्हा या नऊ घरांच्या पूर्वजांची थडगी घासून त्यांच्यावर शेवंतीची फुलं ठेवायची तीही फेलिझ्मिनानेच. ज्यांना तिने उभ्या जन्मात पाहिलं नाही, अशा म्हाताऱ्यांसाठी ती तिथे वाऱ्यात मेणबत्त्या पेटवत बसायची. याच्या बदल्यात ऑगस्टात सगळे गाड्या उडवत आले, की तिला प्रत्येकाकडून एक कॉफीचा डबा आणि एक सुगंधी साबण. तिच्याकडे एवढे साबण साठले होते की सगळं गाव धुऊन निघालं असतं.

तर असल्या या बाईने दोन वर्षांपूर्वी एक चौकटीची वही आणली आणि प्रवासाचा बेत आखायला घेतला.

त्याचं असं झालं. फाटकावर असताना रूळ तपासणारा एक म्हातारा गँगमन तिच्या खोपटात कॉफी प्यायला थांबायचा. तरुणपणी तो इटलीत काम करून आलेला. तो सांगायचा, इटलीच्या टोकाला रूळ संपतात आणि समोर समुद्र येतो. मग गाडी थांबत नाही, गाडीचे डबे कापून जहाजाच्या पोटात ढकलतात, आतही रूळ असतात, आणि माणसं डब्यात बसल्या बसल्या समुद्र ओलांडून सिसिलीला जातात. फेलिझ्मिनाला वाटायचं, म्हातारा थापा मारतो. पुढे जवळच्या कामिन्या शहरातल्या वाचनालयातल्या बाईने तिला चित्रं शोधून दाखवली. खरंच होतं ते. आणि बशी देऊन घरी पाठवलेल्या त्या बाईच्या मनाने घेतलं, की गाडी जहाजात चढताना आपण आत असायचं. खाली झेंडा घेऊन नाही, आत. खिडकीशी.

मग ती हट्टालाच पेटली. दर गुरुवारी वाचनालयात जायची, वेळापत्रकं छापून आणायची, पट्टीने रेघा मारून वहीत उतरवायची. व्हिगो, लेओन, बुर्गोस, झारागोझा, बार्सिलोना. मग समुद्राच्या कडेकडेने फ्रान्स, मार्सेल, नीस. मग इटलीत जिनोवा, पिसा, रोम, नापोली, आणि मग ते जहाज. नियम तिने स्वतःच केले होते. दिवसाला एकच गाडी, तीही उजेडात. जिथे उतरायचं तिथे जेवायचं, झोपायचं, दुसऱ्या दिवशी मनात आलं तर पुढे जायचं, नाही आलं तर तिथल्याच फलाटावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या. वेगाच्या गाड्या तिला नकोच होत्या. "बंदुकीच्या गोळीत बसून काय बघायचं?" असं ती वाचनालयातल्या बाईला म्हणाली. स्टेशनात लागतील तेवढी इटालियन वाक्यंही तिने पाठ केली: फलाट कोणता, गाडीला उशीर का, आणि या उशिराला जबाबदार कोण.

तारीख बघा तिने कशी काढली. निघायचं सतरा सप्टेंबरला, म्हणजे ऑगस्टातले पाहुणे परत गेलेले असतील आणि कुणाच्या जेवणाखाण्याची आबाळ होणार नाही. यायचं सत्तावीस ऑक्टोबरला, म्हणजे शेवंती आणि थडगी चुकायची नाहीत. स्वतःच्या जन्मातल्या एकुलत्या एका प्रवासाचीसुद्धा तिने दुसऱ्यांच्या सोयीने मापं काढली. आणि तरी बोलणी खायची ती खाल्लीच.

गावच्या जत्रेनंतरचा रविवार. आर्मिंदोच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली जेवणं चालली होती. निखाऱ्यावर सार्डिन मासे भाजत होता आर्मिंदो. त्याची बायको सांद्रीन मक्याचा पाव कापत होती. शेजारी फेलिझ्मिनाची नणंद एतेल्व्हिना, नातवंडं टेबलाखाली. वाइनचे दोन पेले पोटात गेल्यावर फेलिझ्मिनाने वही टेबलावर ठेवली.

"सतरा सप्टेंबरला मी सिसिलीला चाललेय," ती म्हणाली. "गाडीने. चाळीस दिवस."

आर्मिंदो चिमटा हातात तसाच धरून हसला. "कुणाबरोबर?"

"माझ्याबरोबर."

"वहिनी, काहीतरीच तुझं," एतेल्व्हिना म्हणाली. "आमच्या आदेलिनोला जाऊन अकराच वर्षं झालीत. बाईमाणसाने एकटीने परमुलखात हिंडायचं म्हणजे लोक काय म्हणतील?"

"वन्सं, तुमचे यजमान गेले त्याच्या तिसऱ्या वर्षी तुम्ही लूर्दच्या यात्रेला गेला होतात. बसमध्ये टाळ्या वाजवत गाणी म्हणत होतात, फोटो आहेत."

"ते देवाचं होतं."

"मग देव काय फक्त बसनेच भेटतो?"

एतेल्व्हिनाने माशाचा काटा काढण्यात लक्ष घातलं. मग सांद्रीन बोलली. ती गोड बोलते, पण मुद्द्यावर यायला वेळ लावत नाही. "आई, तुम्ही जायलाच हवं, मी म्हणते जायलाच हवं. पण एवढे दिवस? आमच्या तळघरातला पंप दर आठवड्याला चालू करून बघावा लागतो. आणि तुमच्या चुलत दिरांच्या घरी त्या नव्या खिडक्या..."

"चाळीस दिवसांत पंप मरत नाही."

"पण बंद पडला तर?"

"तर तू येऊन सुरू कर, बाळ. ऑर्लेआंहून विमानं येतात म्हणे."

आर्मिंदोने हात पुसले आणि वही ओढून घेतली. पहिलंच पान उघडलं आणि दोन मिनिटांत त्याचा चेहरा खुलला. आपल्या लोकांचं हे एक आहे, चूक सापडली की माणसाला सोनं सापडल्यागत होतं.

आता ही चूक काय ती सांगायला हवी. आमचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे. नदीपलीकडे स्पेन. आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा पलीकडे निघालं की मनातल्या मनात एक तास मिळवतं. पेट्रोल भरायला जा, मासळी आणायला जा, एक तास मिळवायचाच, हाताला वळणच पडलंय ते. फेलिझ्मिनानेही मिळवला. पण वेळापत्रकात व्हिगोला पोचायची वेळ आधीच स्पेनच्या घड्याळाने छापलेली असते. लिस्बनच्या माणसाने ती जशीच्या तशी उतरवून घेतली असती. फेलिझ्मिना पडली सरहद्दीवरची, तिने त्यात आणखी एक तास मिळवला.

"आई, पहिल्याच दिवशी, पहिल्याच स्टेशनात एक तासाचा घोळ," आर्मिंदो सगळ्यांना वही दाखवत म्हणाला. "आणि ही निघाली सिसिलीला."

सगळे हसले. एतेल्व्हिना तर डोळे पुसायला लागली. नातवंडांना काही कळलं नव्हतं, तीही हसली.

आता मला सांगा, त्या चुकीने कुणाचं काय बिघडणार होतं? त्या दिवशी पुढची गाडीच नव्हती. दिवसाला एकच गाडी, नियमच होता तो. ती व्हिगोला धरलेल्या वेळेच्या तासभर आधी पोचली असती, एवढंच. हे तिला सांगता आलं असतं. पण तिचे कान लाल झाले. फाटकावर घड्याळ चुकणं म्हणजे काय हे त्या टेबलावर तिच्या एकटीलाच ठाऊक होतं, आणि चूक तिची होती. ती वही काखेत मारून घरी गेली आणि खोडरबरने तो आकडा इतका घासला की कागदाला भोक पडलं. मग तिला राग आला. चुकीचा नव्हे. आयुष्यभर मिनिटाचा हिशेब चुकू दिला नाही, तेव्हा कुणी एकदा शाबासकी दिली नाही, आणि एक आकडा चुकला तर जेवणाच्या टेबलावर तमाशा, याचा राग.

चार दिवसांनी आर्मिंदो आणि सांद्रीन एक लिफाफा घेऊन आले. बरोबर एतेल्व्हिना होती, म्हणजे आधी सगळं शिजलेलं होतं.

"आम्ही नऊ घरांनी मिळून तुला भेट दिलीय," आर्मिंदो म्हणाला. "उघड."

आत चर्चच्या सहलीचा कागद होता. रोम, पाच दिवस, जाताना-येताना विमान. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. कागदावर एक फोटो: गळ्यात पिवळे रुमाल बांधलेली पन्नास-साठ म्हातारी माणसं, आणि पुढे उंच काठीला झेंडा लावून चाललेला एक तरुण पोरगा.

"इटलीच बघायची होती ना तुला? झालं की मग," आर्मिंदो म्हणाला. "सगळं त्यांनी ठरवलेलं. तुला कागद वाचायला नको, तास मोजायला नको. त्या झेंड्याच्या मागे मागे चालायचं फक्त."

"आणि पाचच दिवस, वहिनी," एतेल्व्हिना म्हणाली. "पाच दिवसांत घरांचंही काही अडत नाही."

ताकाला जाऊन भांडं लपवतात म्हणतात ना, एतेल्व्हिनाला तेवढीही कला नव्हती. भांडं सरळ पुढेच केलं तिने.

फेलिझ्मिनाने कागद टेबलावर ठेवला. मग शांतपणे म्हणाली, "चौतीस वर्षं झेंडा माझ्या हातात होता. शेकडो माणसं त्याच्या भरवशावर झोपून गेली गाडीत. आता सहासष्टाव्या वर्षी गळ्यात रुमाल बांधून मी दुसऱ्याच्या झेंड्यामागे पळू?"

"आई, एवढ्या प्रेमाने दिलंय सगळ्यांनी."

"प्रेमाने नाही दिलंत. घाबरून दिलंत. चाळीस दिवस खिडक्या कोण उघडणार म्हणून पाच दिवसांत माझी बोळवण करायला निघालात. मी इटली बघायची म्हणाले होते का? मी गाडीत बसायचं म्हणाले होते. दोन वर्षं वही लिहिली, तुमच्यातल्या एकाने तरी ती वाचली का? चूक काढायला एक पान वाचलंत, तेवढंच."

सांद्रीनने लिफाफा हळूच परत पर्समध्ये टाकला. आर्मिंदो पुटपुटला, की लोकांच्या आया अशा भेटीने रडल्या असत्या.

"त्यांना दे मग," फेलिझ्मिना म्हणाली.

त्यानंतरच्या रविवारी, मासची प्रार्थना संपल्यावर, ती चर्चच्या दारात उभी राहिली. सुट्टी संपत आलेली, सगळे परतायच्या घाईत. तिने एप्रनच्या खिशातून एकेक किल्ली काढली आणि ज्याची त्याच्या हातात दिली. "घ्या. सप्टेंबरपासून मी नाही." बस, एवढंच. चुलत दिराला वाटलं, ती आजारी आहे. त्याचा मेव्हणा म्हणाला, "अहो, पण आता ऐनवेळी मी कुणाला शोधू?" आठ वर्षं फुकटात खिडक्या उघडून घेतल्या, आणि बोलण्याचा सूर असा की जणू तिनेच त्याला फसवलं. एकीने तर किल्ली घेतली आणि विचारलं, "मग या नोव्हेंबरला आमच्या बाबांना फुलं कोण घालणार?" फेलिझ्मिना म्हणाली, "बाबा तुमचे." त्या दोन शब्दांवर गावात अजून चर्चा चालते. माणूस एवढं उलटं बोलूच कसं शकतं, म्हणे. इतकी वर्षं ती काहीच बोलली नव्हती, त्याची चर्चा मात्र कुणी केली नाही.

नववी किल्ली मुलाची. ती द्यायला ती सोमवारी सकाळी वर चढून गेली. अंगणात गाडी भरून तयार होती, छपरावर बटाट्याची पोती बांधलेली, सांद्रीन पोरांना आत कोंबत होती. आर्मिंदो स्वयंपाकघरात गॅस बंद झालाय का ते बघत होता. फेलिझ्मिनाने किल्ली ओट्यावर ठेवली.

तो किल्लीकडे बघतच राहिला. "माझीसुद्धा?"

"तुझीसुद्धा."

"मी परका झालो का तुला?"

"परक्यांच्या आठ घेतल्या होत्या, त्या काल दिल्या. ही घरातली, म्हणून शेवटी आणली."

मग मात्र त्याचा तोल गेला. त्याने ओट्यावर हात आपटला. "तू जाणारच आहेस ना, जा. पण एक सांग मला. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. उद्या तिकडे कुठल्या स्टेशनात पडलीबिडलीस तर कुणाला कळणार आहे? मी तिकडे ऑर्लेआंत, मला कोण सांगणार? एकट्या बाईचं काय होतं, माहीत आहे तुला?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "गेल्या जानेवारीत मी तुझ्या जिन्यावरून पडले."

आर्मिंदोने ओट्यावरचा हात काढून घेतला.

"मंगळवार होता. तुझ्या खिडक्या उघडायला आले होते. उघडल्या, पंप चालू करून बघितला, उतरताना पाय सरकला. तो संगमरवर दिसायला छान आहे, पण ओला झाला की साबणासारखा होतो. घोटा मोडला होता, पण ते नंतर कळलं. तेव्हा नुसतं उठता येईना."

"फोन?"

"घरी, टेबलावर. खिडक्या उघडायला जाताना फोन कोण नेतं?"

"मग?"

"मग काय? सरपटत दारापर्यंत आले. त्याला संध्याकाळ झाली. आत येताना लावलेली दाराची कडी वर होती, हात पुरेना. तिथेच बसले. दुसऱ्या दिवशी पाववाल्याच्या गाडीचा भोंगा ऐकला तेव्हा पायातला बूट काढून त्याने दार बडवलं, मग पाववाल्याने बाजूच्या खिडकीतून आत येऊन मला उचललं. खिडक्या मी उघडल्याच होत्या, ते बरं झालं. त्याला मीच सांगितलं, कुणाला बोलू नकोस."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, कठड्याला धरून उतरायचं ना, आई."

त्याने मान खाली घातली, कारण तो तेच म्हणाला असता. बाहेर सांद्रीनने हॉर्न वाजवला. एकदा, मग पुन्हा.

"आई, रात्रभर?" तो म्हणाला. "हाका नाही मारल्यास?"

"मारल्या. खिडक्या उघड्या होत्या, आवाज लांबपर्यंत जात होता. वन्सं तेवढ्या या आळीत राहतात, त्या ब्रागाला लेकीकडे होत्या. बाकी या सबंध आळीत एका घरात दिवा नव्हता."

"कुणीच नाही आलं?"

"कोण येणार?" फेलिझ्मिना म्हणाली. "सगळ्यांच्या किल्ल्या माझ्याच खिशात होत्या."

आर्मिंदोने ओट्यावरची किल्ली उचलली.